प्रबंध जमा झाला, पुढे काय? सोलापूर ते पुणे, दहा महिन्यांचा हिशेब

३० सप्टेंबर २०२४ ला मी सोलापुरात पीएच.डी.चा प्रबंध जमा केला. १ ऑगस्ट २०२५ ला पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत रिसर्च असोसिएट म्हणून रुजू झाले. मधल्या दहा महिन्यांबद्दल लिहायचं ठरवलं, कारण नेट-जेआरएफचा, म्हणजे संशोधन फेलोशिपच्या पात्रता परीक्षेचा, अभ्यास कसा करावा हे सांगणारे पुष्कळ आहेत. प्रबंध जमा केल्यावर हातात नेमकं काय असतं, कुठला कागद कधी लागतो, पैसे कुठून येतात, हे मात्र आपल्याकडच्या मुलामुलींना कुणी सांगत नाही. माझा विषय डाळिंबावरचा तेल्या रोग. म्हणजे तो पाडणारा झान्थोमोनास जिवाणू, आणि त्याला मारणारे जिवाणूभक्षी विषाणू, ज्यांना आम्ही प्रयोगशाळेत नुसतं 'फाज' म्हणतो. जीवशास्त्राच्या कुठल्याही शाखेत असलात तरी पुढचं बरंचसं तसंच लागू पडेल.

आधी पैशांचं, कारण पहिला फटका तिथेच बसतो. जेआरएफ (कनिष्ठ) आणि एसआरएफ (वरिष्ठ) फेलोशिप मिळून पाच वर्षं. पण पाच वर्षं पूर्ण होण्याआधी प्रबंध जमा केला, तर जमा केलेल्या तारखेलाच फेलोशिप थांबते. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० आणि एसआरएफला ४२,००० रुपये मिळतात. सोलापूर घरभाड्यासाठी 'वाय' वर्गात येतं, त्यामुळे २०२४ पासून २० टक्के घरभाडं. एसआरएफला ८,४०० धरून ५०,४०० रुपये. वसतिगृहात राहत असाल तर घरभाडं नाही. माझी पाच वर्षं आणि प्रबंध एकाच महिन्यात संपले, म्हणजे ऑक्टोबरपासून खात्यात शून्य. व्हायवा, म्हणजे प्रबंधावरची तोंडी परीक्षा, कधी होईल ते कुणीच सांगू शकत नाही, कारण तो परीक्षकांच्या अहवालावर अवलंबून. शेवटच्या वर्षी दर महिन्याला १५,००० रुपये बाजूला टाकले होते, त्यावर घरखर्चातला माझा वाटा आणि प्रवास भागला. एसआरएफचं शेवटचं वर्ष लागलं की हे सुरू करा. कंटिन्जन्सीची, म्हणजे संशोधनाच्या किरकोळ खर्चाची, बिलंही तेव्हाच मिटवा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) फेलोशिपमध्ये विज्ञान शाखेला पहिली दोन वर्षं वर्षाला १२,००० आणि नंतर २५,००० रुपये मिळतात. फेलोशिप बंद झाल्यावर मागच्या वर्षांची बिलं काढायला गेलात तर विभागापासून फेलोशिपच्या पोर्टलवर नोंद करणारा 'मेकर' आणि ती तपासणारा 'चेकर' यांच्यापर्यंत सगळ्यांच्या सह्या नव्याने गोळा कराव्या लागतात. दर महिन्याची हजेरी पोर्टलवर चढली की नाही तेही स्वतः विचारायचं. एक महिना राहिला तर पुढचा हप्ता अडकतो.

जून २०२४ मध्ये प्रबंधपूर्व सादरीकरण झालं. माझी नोंदणी २०१९ ची, म्हणून मला यूजीसीचे २०१६ चे नियम लागू होते: प्रबंधाआधी किमान एक शोधनिबंध छापलेला हवा आणि परिषदांमध्ये दोन सादरीकरणं हवीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या नव्या नियमांत शोधनिबंधाची सक्ती राहिली नाही. पण त्यावर निवांत बसू नका. पुढे अर्ज करताना पहिल्या लेखकाचा एकही निबंध नसेल तर बहुतेक दारं तिथेच बंद होतात. निबंध तपासणीत अडकला असेल तर बायोआर्काइव्ह या संकेतस्थळावर प्रीप्रिंट, म्हणजे तपासणीआधीची प्रत, टाका, सीव्हीत दुवा देता येतो.

साहित्यचौर्य तपासणीला जुलैचा अख्खा महिना गेला. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा द्यावं लागतं. पहिल्या फेरीत माझा अहवाल २३ टक्के आला आणि पोटात गोळा आला. कारण साधं होतं. संदर्भसूची वगळली नव्हती, आणि माझाच छापलेला निबंध तिसऱ्या प्रकरणाशी जुळत होता. संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, प्रमाणित चिन्हं आणि समीकरणं, तसंच सलग चौदा शब्दांपर्यंतचा योगायोगाने जुळणारा मजकूर वगळायची मुभा त्याच नियमात आहे. ग्रंथालयात अहवाल काढतानाच हे फिल्टर लावायला सांगा. स्वतःच्या निबंधातून आलेल्या मजकुरासाठी गाईडचं पत्र जोडावं लागलं. पद्धतींचं प्रकरण मात्र हातानेच नव्याने लिहावं लागतं. डीएनए काढण्याची कृती सगळ्यांचीच सारखी असते, तिथे सॉफ्टवेअर हमखास लाल होतं. दुसऱ्या फेरीत ७ टक्के.

याच काळात प्रयोगशाळा मोकळी करून द्यायची असते, आणि हे काम सगळे शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. तसं करू नका. सांगोला, मोहोळ आणि पंढरपूर भागातल्या बागांमधून गोळा केलेले १४० हून अधिक जिवाणू उणे ८० च्या फ्रीझरमध्ये होते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४३-४४ ला टेकतो, त्यात वीज गेली आणि जनरेटर वेळेवर सुरू झाला नाही तर पाच वर्षं पाण्यात. प्रत्येक जिवाणूच्या दोन नळ्या २० टक्के ग्लिसरॉलमध्ये, दोन वेगवेगळ्या फ्रीझरमध्ये. नळीवर नुसता नंबर नको. गाव, तारीख आणि वाण लिहा, आणि पेन अल्कोहोलने पुसलं जाणार नाही असं घ्या. डबा, रांग, खण यांची एक एक्सेल यादी करून तिची एक प्रत गाईडकडे, एक विभागाकडे. निबंधात आणि प्रबंधात ज्यांची नावं आहेत ते जिवाणू पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रहात, म्हणजे एनसीएमआरमध्ये जमा करा. तिथून मिळालेला नोंदणी क्रमांक प्रबंधात टाकता येतो. तो मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज प्रबंधाच्या किमान तीन महिने आधी. जनुकक्रम जेनबँकेत, म्हणजे जनुकक्रमांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहात, आधीच चढवा.

एक गोष्ट ठळकपणे सांगते. परदेशात पोस्टडॉकला (पीएच.डी.नंतरच्या संशोधनाला) जाताना 'माझे' जिवाणू पिशवीत घालून नेता येत नाहीत. ते संस्थेचे असतात. आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यामुळे जैविक नमुना देशाबाहेर न्यायचा किंवा परदेशी संस्थेला द्यायचा तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. मुलाखतीत कुणी विचारलं की सोबत नमुने आणाल का, तर 'हो' म्हणून मोकळं होऊ नका. प्रयोगवह्याही संस्थेतच राहतात. कच्च्या माहितीची प्रत मात्र गाईडशी बोलून, लेखी घेऊन ठेवा.

आता नावाचं. आपल्याकडे दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. आधारवर तिसराच क्रम. शोधनिबंधावर फक्त आद्याक्षरं. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचे तर दोन संच होतात. माझ्या एम.एस्सी.च्या गुणपत्रिकेत वडिलांच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त होतं. सात वर्षांत ते कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि पीएच.डी.च्या नोटिफिकेशनच्या, म्हणजे पदवी मिळाल्याच्या विद्यापीठाच्या अधिसूचनेच्या, वेळी समोर आलं. दुरुस्तीला पाच आठवडे आणि दोन शपथपत्रं लागली. प्रबंधाचं पहिलं पान छापायच्या आधी दहावीची गुणपत्रिका, नोंदणीपत्र, आधार आणि पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर जुळवा. नाव बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नोंद काढून ठेवा, बऱ्याच ठिकाणी नुसतं शपथपत्र पुरत नाही. आणि पहिला निबंध पाठवायच्या दिवशीच ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा ओळख क्रमांक घ्या, म्हणजे नाव कसंही छापलं गेलं तरी निबंध तुमच्याच खात्यात राहतो.

छपाईचा खर्च मोजून ठेवला होता. १९० पानं, त्यातली ३८ रंगीत. साधं पान दीड रुपया, रंगीत दहा. एका प्रतीचे ६०८ रुपये. सहा प्रती ३,६४८, आणि सोनेरी अक्षरांची पक्की बांधणी प्रत्येकी ३५० प्रमाणे २,१००. एकूण ५,७४८ रुपये. सात रस्त्याजवळच्या दुकानात आधी एकच प्रत काढून घेतली आणि दोन दिवस चाळली. डीएनएचे पट्टे दाखवणाऱ्या जेलच्या फोटोत काळ्यावर काळं छापलं गेलं होतं, पट्टे दिसतच नव्हते. फोटो पुन्हा उजळ करून दिले. सहाही प्रती एकदम काढल्या असत्या तर सगळ्या फुकट गेल्या असत्या. प्रबंधाबरोबर लागलं ते असं: गाईडचं आणि माझं प्रमाणपत्र, साहित्यचौर्य अहवाल, कोर्सवर्कची गुणपत्रिका, सगळे प्रगती अहवाल, शुल्काच्या पावत्या, निबंधाची प्रत, परिषदांची दोन प्रमाणपत्रं, ग्रंथालय ते वसतिगृह सगळीकडचे नो ड्यूज, आणि पीडीएफ. प्रगती अहवालांपैकी कोविडच्या वर्षातला एक माझ्याकडे सहीविना होता. तो शोधण्यात चार दिवस गेले. दर सहामाहीला सही झालेल्या प्रतीचा फोटो काढून ठेवला असता तर ते चार दिवस वाचले असते.

प्रबंध दिला त्या संध्याकाळी आनंदापेक्षा रिकामं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे जायचं हेच ठरलेलं नव्हतं. हे जवळजवळ प्रत्येकाला होतं. त्याला कमीपणा समजू नका, आणि आठवडाभर खरोखर काहीही करू नका.

मग तारखांचा तक्ता केला. या सगळ्या प्रवासात कामाला आलेली एकच गोष्ट सांगायची तर हा तक्ता. पुढची प्रत्येक संधी कुठल्या ना कुठल्या तारखेपासून मोजली जाते आणि प्रत्येकीचं घड्याळ वेगळं असतं. राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप, जी आधी एसईआरबी हे केंद्राचं संशोधन मंडळ देत असे आणि आता अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान देतं, तिला वयाची अट आहे: ३५ वर्षं. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी आणि दिव्यांगांना पाच वर्षांची सवलत. युरोपातल्या एम्बो फेलोशिपला अर्जाच्या वेळी पीएच.डी. होऊन दोन वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला चालत नाही. युरोपीय संघाच्या मारी क्यूरी फेलोशिपला पीएच.डी.नंतर आठ वर्षांपर्यंत मुभा आहे, पण ज्या देशात जायचं तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं. म्हणजे आधी कुणा प्राध्यापकाच्या पैशावर जर्मनीत दीड वर्ष काढायचं आणि मग तिथूनच जर्मनीसाठी मारी क्यूरी भरायची, हे जमत नाही. हे घड्याळ बहुतेक ठिकाणी पीएच.डी. मिळाल्याच्या तारखेपासून चालतं. आपल्याकडे ती म्हणजे सहसा नोटिफिकेशनची तारीख, दीक्षांत समारंभाची नव्हे. तरीही प्रत्येक योजनेच्या सूचनांमध्ये 'पदवीची तारीख' म्हणजे काय हे शोधून वाचा, आणि शंका असेल तर त्यांनाच ईमेल करा.

एसआरएफनंतर भारतात सगळ्यात लवकर उघडणारं दार म्हणजे प्रकल्पातलं रिसर्च असोसिएटचं (आरए) पद. २०२३ पासून आरए-१ ला ५८,०००, आरए-२ ला ६१,००० आणि आरए-३ ला ६७,००० रुपये. पुणं 'एक्स' वर्गात, म्हणून ३० टक्के घरभाडं. आरए-१ चे ७५,४०० होतात. पण आकडा बघून भुलू नका. मुलाखतीआधी किंवा मुलाखतीत तीन गोष्टी विचाराच: प्रकल्प कधी मंजूर झाला, त्याचे किती महिने शिल्लक आहेत, आणि चालू वर्षाचा निधी आला आहे का. तीन वर्षांच्या प्रकल्पाचे सात महिने उरलेले असताना जाहिरात निघते, मुलगी घर बदलून जाते, आणि फेब्रुवारीत 'मार्चनंतर बघू' असं ऐकते. असे प्रश्न विचारणं उद्धटपणा नाही. ज्या शास्त्रज्ञाला ते आवडत नाहीत तिथे न गेलेलं बरं. दुसरं, जाहिरातीत 'पीएच.डी. प्राप्त' आहे की 'प्रबंध सादर केलेलेही चालतील' ते बघा. दुसऱ्या प्रकारात नोटिफिकेशन हातात येईपर्यंत पगार एसआरएफच्या दराने मिळू शकतो, तेही आधी विचारा.

ऑक्टोबरच्या शेवटी ईमेल पाठवायला सुरुवात केली. मार्चपर्यंत ३१ पाठवले, ९ उत्तरं आली, ४ मुलाखती झाल्या. पहिले दहा ईमेल वाया गेले, आणि का ते नंतर कळलं. त्यात मी माझ्या प्रबंधाचा सारांश लिहिला होता. वाचणाऱ्याला हवं असतं ते वेगळं: ही व्यक्ती आमच्या कामात नेमकं काय हाताने करू शकेल. बदललेला ईमेल सव्वादोनशे शब्दांचा होता. पहिल्या दोन ओळींत त्यांच्या एका ठरावीक निबंधातला एक ठरावीक प्रश्न. पुढे मला काय येतं: शेतातल्या मातीतून फाज वेगळे करणं, प्लाक (फाजनी जिवाणू मारून पाडलेले डाग) मोजणं, जिवाणूचा पूर्ण जनुकक्रम जुळवणं, 'आर' या संगणकभाषेत सांख्यिकी. मग कधीपासून येऊ शकते आणि कुठल्या फेलोशिपला अर्ज करायची तयारी आहे. सीव्ही दोन पानांचा, पीडीएफ, फाइलच्या नावात स्वतःचं नाव. 'आदरणीय सर/मॅडम' असं सगळ्यांना सारखं नको, त्यांचं आडनाव लिहा. उत्तर नाही आलं तर बारा-चौदा दिवसांनी एकच आठवण, मग सोडून द्या. नऊपैकी तीन उत्तरं आठवणीनंतर आली.

शिफारसपत्रांना तीन नावं लागतात. गाईड, एक सहलेखक आणि एक असा की ज्याने तुमचं काम बाहेरून पाहिलंय. नाव देण्याआधी विचारा, शेवटच्या तारखेच्या तीन आठवडे आधी सांगा, सोबत सीव्ही आणि योजनेचा दुवा द्या. बऱ्याच पोर्टलना संस्थेच्या पत्त्यावरूनच पत्र हवं असतं, जीमेल चालत नाही. आपल्याकडचे कित्येक ज्येष्ठ प्राध्यापक जीमेलच वापरतात. संस्थेचा पत्ता सुरू आहे का, पासवर्ड आठवतो का, हे विनयाने पण आधी विचारून घ्या. एका अर्जात माझं एक पत्र याच कारणाने पोचलं नाही आणि अर्ज अपुरा ठरला.

आरक्षणातून किंवा वयाच्या सवलतीतून अर्ज करणाऱ्यांसाठी: केंद्राच्या योजनांना ओबीसीचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागतं. राज्याचं जातीचं प्रमाणपत्र, जात वैधता आणि नॉन-क्रिमिलेयर हे सगळं असूनही केंद्राचा नमुना वेगळा काढावा लागतो. सेतूमध्ये अर्ज करताना 'केंद्रासाठी' असं स्पष्ट सांगा. नॉन-क्रिमिलेयरची मुदतही तपासा.

त्या चारही मुलाखती ऑनलाइन झाल्या. घरी वीज आणि इंटरनेटचा भरवसा नव्हता म्हणून ओळखीच्या महाविद्यालयातली एक खोली मागून घेतली, आणि फोनचा डेटा जोडीला ठेवला. वीस मिनिटांचं सादरीकरण म्हणजे पंधरा-सोळा स्लाइड, त्याहून जास्त नको. चारही ठिकाणी तीन प्रश्न आले: न जमलेला एखादा प्रयोग सांगा, या आकृतीतलं तुम्ही स्वतः काय केलं, आणि पहिल्या सहा महिन्यांत इथे काय कराल. दुसऱ्या प्रश्नाला आपली मुलं अडखळतात, कारण आपण सवयीने 'आम्ही केलं' म्हणतो. तिथे 'मी' म्हणा. कुणी दुसऱ्याने केलं असेल तर त्याचं नाव घ्या. न जमलेल्या प्रयोगाबद्दल बोलताना झाकू नका. बागेत फवारलेले फाज दुपारच्या उन्हात काही तासांत निकामी होत होते. अतिनील किरणांनी ते मरतात. संध्याकाळची फवारणी आणि दुधाच्या भुकटीचं द्रावण असं करून बघितल्यावर ते जास्त टिकले. हे सांगितलं तेव्हा सर्वात जास्त चर्चा यावरच झाली.

मधल्या काळात शिकवायला जावं का, हा प्रश्न सोलापुरात प्रत्येकापुढे असतो. जून-जुलैत तासिका तत्त्वावरच्या जाहिराती निघतात, आणि घराजवळ राहता येतं. वाईट काहीच नाही, पण डोळे उघडे ठेवून घ्या. तासांचे पैसे तासांपुरतेच असतात, आणि निबंधाचं काम हमखास मागे पडतं. कायम सहायक प्राध्यापक व्हायचं असेल तर यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतला गुणतक्ता पाहा. त्यात अध्यापनाचा किंवा पोस्टडॉकचा अनुभव दर वर्षाला २ गुण, जास्तीत जास्त १०. म्हणजे पोस्टडॉकची वर्षं फुकट जात नाहीत. पदाची सुरुवात ५७,७०० मूळ वेतनावर होते. महाराष्ट्रात नेटऐवजी राज्याची सेट परीक्षा असेल तरी चालतं. जुलै २०२३ पासून या पदासाठी पीएच.डी. सक्तीची नाही, हे ऐकून एम.एस्सी.च्या मुलांनी घाई करू नये, कारण गुणतक्त्यात तिचं वजन आहेच. याशिवाय पेटंट एजंटची परीक्षा, ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा, औषध कंपन्यांची नियामक कागदपत्रं, वैद्यकीय लेखन, आणि आपल्या दारातलं केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र. तिथल्या कंत्राटी पदांच्या जाहिराती त्यांच्या संकेतस्थळावर येतात. माझ्या बरोबरीच्यांपैकी निम्मेअधिक या वाटांनी गेले आणि त्यांचं नीट चाललंय. संशोधनाचीच जागा हवी असेल तर इंडियाबायोसायन्सच्या संकेतस्थळावरची नोकऱ्यांची पानं आठवड्यातून एकदा बघा.

पाच महिन्यांनी, फेब्रुवारी २०२५ च्या शेवटी, दोन्ही परीक्षकांचे अहवाल आले. एकाने अकरा प्रश्न विचारले होते. प्रत्येक प्रश्नाखाली उत्तर आणि प्रबंधातला पान क्रमांक असं तीन पानांचं टिपण केलं. व्हायवात तेच समोर ठेवलं. व्हायवा २६ मार्चला, खुला, दीड तास. एक सूचना: कामातून पेटंट निघण्यासारखं असेल तर अर्ज व्हायवाच्या आधी. खुल्या व्हायवात सांगितलेलं आणि शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या राष्ट्रीय ऑनलाइन संग्रहात, चढलेलं जाहीर झालं असंच धरलं जातं.

व्हायवा झाला की सगळे 'डॉक्टर' म्हणायला लागतात, पण कागदावर अजून काहीच नसतं. नोटिफिकेशन ६ जूनला हातात आलं, त्यात पाच आठवडे नावाच्या त्या एका अक्षराचे. नोटिफिकेशन मिळालं की एकाच फेरीत चार अर्ज द्या: पासिंग प्रमाणपत्र, ट्रान्सक्रिप्ट (गुणांचा अधिकृत उतारा), पीएच.डी. २०१६ च्या नियमांनुसार झाल्याचं प्रमाणपत्र आणि शोधगंगेवर प्रबंध जमा झाल्याची पावती. तिसरं बऱ्याच जणांना माहीतच नसतं, आणि प्राध्यापकपदाच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी धावपळ होते. ट्रान्सक्रिप्टचे सीलबंद लिफाफे दोन-तीन जास्त घ्या.

पुण्याच्या आरएच्या पदासाठी मुलाखत जूनच्या तिसऱ्या आठवड्यात होती, समोरासमोर. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरली की चार तासांत पुणं. मुलाखत अकराला असेल तर मात्र आदल्या दिवशी जा, गाडी अर्धा तास लेट झाली तरी सगळं कोलमडतं. मूळ कागदपत्रं दहावीपासून क्रमाने, आणि प्रत्येकाच्या दोन साक्षांकित प्रती. प्रकल्पाचे २६ महिने शिल्लक होते आणि चालू वर्षाचा निधी आलेला होता. निवडीचं पत्र ९ जुलैला आलं.

घरात 'आता पुन्हा दोन वर्षांचंच?' असं आईने विचारलं. तिला तारखांचा तक्ताच दाखवला: या २६ महिन्यांत दोन निबंध, त्यातच राष्ट्रीय फेलोशिपचा अर्ज, आणि तो जमला नाही तर परदेशाचे दोन. घरच्यांना 'बघू' म्हणण्यापेक्षा कागद दाखवलेला बरा, त्यांची काळजी थोडी कमी होते.

रुजू होताना लागलं ते: रुजू अहवाल, निवडपत्र, नोटिफिकेशन, आधार-पॅन, सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचं आरोग्य प्रमाणपत्र, आधीच्या संस्थेचं ना-हरकत, घरभाड्यासाठी वसतिगृहात राहत नसल्याचं लेखी, आणि रद्द केलेला धनादेश. आरोग्य प्रमाणपत्र सोलापुरातच काढून नेलं, रांगेत एक सकाळ गेली. पुण्यात दोघींत मिळून घेतलेल्या घराचे दोन महिन्यांचे भाडे अनामत म्हणून आधी द्यावे लागले, आणि पहिला पगार सात आठवड्यांनी आला. म्हणून त्या बाजूला टाकलेल्या पैशांतले निदान ५०,००० रुजू होईपर्यंत शिल्लक राहतील असं बघा.

पहिल्या आठवड्यात नवा प्रयोग सुरू केला नाही. प्रबंधातला राहिलेला दुसरा निबंध रोज सकाळी एक तास, नवीन टेबलावर बसून. गाईडशी पंधरा दिवसांतून एकदा फोन. पदवी प्रमाणपत्रासाठी दीक्षांत समारंभाचा अर्ज वेगळा भरावा लागतो आणि त्याची खिडकी थोडेच दिवस उघडी असते, म्हणून विद्यापीठाचं परिपत्रक बघायला धाकट्या भावाला सांगून ठेवलंय.